गावाला ठाऊक असलेलं गुपित
सोलापूरच्या मातीतल्या वाढत्या वयाच्या कथनांचा एक आढावा

मराठी वाचकाने सगळ्यात जास्त जपलेलं घरगुती गुपित म्हणजे कर्णाचा जन्म. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली, रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ साली. दोन्ही पुस्तकांची खेड्यापाड्यातल्या वाचनालयांत पारायणं झाली. या कथेचा साचा आपल्या अंगवळणी पडला आहे. आईने गोष्ट पोटात ठेवली, पोर हलक्या कुळातलं म्हणून वाढलं, पदोपदी अपमान सोसला, आणि सत्य बाहेर आलं तेव्हा ते पोर राजघराण्यातलं, पांडवांत थोरलं निघालं. म्हणजे गुपित फुटलं की माणूस वर चढतो. कर्णाला राज्य मिळालं नाही, पण वाचकाच्या मनात त्याचा अभिषेक झालाच.

सोलापूर जिल्ह्यातून आणि त्याच्या आसपासच्या अवर्षणी पट्ट्यातून गेल्या चाळीसेक वर्षांत वाढत्या वयाची जी कथनं आली, ती एका रांगेत ठेवून वाचली तर हा साचा उलटा पडलेला दिसतो. इथे गुपित अख्ख्या गावाला ठाऊक असतं. पारावर ठाऊक असतं, पाणवठ्यावर ठाऊक असतं, शाळेतल्या मास्तरांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त पोराला. ते मोठं होतं म्हणजे गावाला आधीपासून माहीत असलेली गोष्ट त्याच्यापर्यंत येऊन पोचते. आणि ती कळूनही त्याच्या वाट्याला एक गुंठा जमीन येत नाही. गाव तोंडाने सगळं बोलतं, फक्त कागदावर येऊ देत नाही. त्यामुळे या लेखनातले निर्णायक प्रसंग माजघरात कमी आणि शाळेच्या, सरपंचाच्या नाहीतर कचेरीच्या टेबलापाशी जास्त घडतात.

पांढरपेशी घरातलं मौन

फरक नीट दिसावा म्हणून आधी दुसरी बाजू पाहू. वाढत्या वयाचं मराठीतलं सर्वांत लोभस लेखन प्रकाश नारायण संतांचं. ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००४) या चार पुस्तकांतला लंपन बेळगावकडच्या सीमाभागात आजी-आजोबांकडे वाढतो. आई-वडील दुसऱ्या गावी. आपण त्यांच्यापासून लांब का, हा प्रश्न तो मोठ्यांना धड विचारत नाही आणि मोठेही त्याचं धड उत्तर देत नाहीत. ते न बोललेलं साऱ्या कथांखालून वाहत राहतं. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’मध्ये (२००४) आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आपलं प्रेम घरापासून लपवतो. जी. ए. कुलकर्णींच्या धारवाड-बेळगावकडच्या माणसांच्या घरात तर कुणीतरी कुणाचं तरी पूर्वी काही केलेलं असतं आणि त्याची किंमत दुसराच चुकवत असतो.

या सगळ्यांत गुपिताला राहायला घर आहे. दार लावता येतं, माजघर आहे, माळा आहे, आणि बाहेरच्या जगात इभ्रत आहे जी राखायची आहे. पोराने बापाचं नाव कुठे काय लिहायचं, हा प्रश्न लंपनला पडत नाही, मुकुंद जोशीला पडत नाही. त्यांच्या मोठं होण्यात हळवेपणाला जागा मिळते ती याच निश्चितीमुळे. हा त्या पुस्तकांचा दोष नव्हे. पण तेवढ्यावरून मराठीतल्या किशोरवयाचं चित्र पुरं झालं असं मानलं, तर निम्मा महाराष्ट्र चौकटीबाहेर राहतो.

मास्तरांची वही

शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ साली प्रसिद्ध झालं. जन्म १ जून १९५६, गाव अक्कलकोट तालुक्यातलं हन्नूर. १ जून ही तारीखही बोलकी आहे. जन्माची नोंद नसलेल्या पोरांना शाळेत घालताना मास्तर सर्रास हीच तारीख टाकत, त्यामुळे ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचे वाढदिवस शाळा उघडण्याच्या सुमाराला येतात. जन्मतारीख मास्तरांनी ठरवली तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. बापाचं नाव लिहायची वेळ आली की मात्र बिघडायचं.

पुस्तकातलं कुटुंब असं : आई मसामाई महार, तिच्यावर नजर ठेवणारा बाप सवर्ण पाटील, त्यापायी मसामाईचा संसार मोडलेला. एकाच आईच्या लेकरांचे बाप वेगवेगळे. आजी संतामाई, आणि तिच्याबरोबर राहणारा दस्तगीर हा मुसलमान जमादार, जो नात्याने कुणीच लागत नाही आणि मायेने आजोबाच आहे. गावच्या बसथांब्यावर या माणसांचा संसार. ज्या घराला भिंतीच नाहीत, तिथे लपवणार काय आणि कुठे?

शाळेत नाव घालायचा प्रसंग या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे. हेडमास्तर पोराच्या नावापुढे त्या पाटलाचं नाव लिहितात. गावाला यात नवीन काहीच नाही. तरी पाटील हरकत घेतो, दमदाटी होते. पोर आपलं आहे हे त्याला नाकारायचं नसतं, कारण ते गावात कुणी मानलंच नसतं; त्याला ते शाईत नको असतं. हेडमास्तर बधत नाहीत. पुढे सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही लागते तेव्हा तोच पेच दुसऱ्या टेबलावर उभा राहतो : या पोराची जात कुठली लिहायची? बापाची लिहावी तर बाप आपलं मानत नाही, आईची लिहावी तर कागद बापाची मागतो. लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर हाच प्रश्न तिसऱ्यांदा येतो, आणि या वेळी तो विचारणारे लोक जातीतलेच असतात. लिंबाळ्यांनी ही तिसरी वेळ लपवली नाही, हे या पुस्तकाचं मोठेपण. अन्याय फक्त वाड्यातून येतो असं दाखवणं सोपं गेलं असतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, ती म्हणजे लेखकांचं वय. ‘अक्करमाशी’ आलं तेव्हा लिंबाळे अठ्ठावीस वर्षांचे होते. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं तेव्हा ते चोविशीत होते. आपल्याकडे आत्मचरित्र निवृत्तीनंतर लिहायची रीत; हिशेब जुळवून, कडू आठवणींवर थोडा गूळ घालून. या दोघांनी ते नुकतंच मिसरूड फुटल्यासारखं लिहिलं. म्हणून त्यांची पुस्तकं मोठं झाल्यानंतर मागे वळून सांगितलेली वाटत नाहीत. लिहिणं हीच त्यांच्या मोठं होण्याची शेवटची पायरी आहे. शाळेच्या वहीत जे मास्तरांनी लिहिलं, ते आता पोराने स्वतः लिहिलं.

आईचं नाव मधे

करमाळा तालुक्यातलं नेरले हे काळ्यांचं गाव. आई शांताबाई कोल्हाटी समाजातली, तमाशात नाचणारी. बाप त्या भागातला राजकारणी. तमाशाच्या फडातून आणि संगीत बारीतून घर चालवणाऱ्या या समाजाची कौटुंबिक रचना बाहेरच्या वाचकाला चक्रावून टाकते. घर बाईच्या कमाईवर चालतं, पण सत्ता तिच्या बापाची आणि भावांची. कुणा धनवंताने तिला ठेवलं की तो तिचा ‘मालक’. त्याच्यापासून झालेलं लेकरू आजोळीच वाढतं. किशोरची आई अशाच एका माणसाबरोबर निघून जाते आणि पोर आज्याच्या घरी राहतं, कामाला जुंपलेलं, वाट बघणारं.

इथलं गुपित बापाचं नावही नाही; ते सगळ्यांच्या तोंडी आहे. खरं दडवलेलं आहे ते हे की, ज्या बाईच्या घुंगरांवर अख्खं घर जेवतं, त्या बाईला त्या घरात मत नाही. ही गोष्ट पोराला उमगायला अर्धं पुस्तक लागतं. आधी त्याचा राग आईवर असतो : ती सोडून गेली. मग हळूहळू त्याच्या लक्षात येतं की सोडून जाणं हा तिच्यासमोरच्या दोन वाईट पर्यायांतला एक होता. या बदलात या पुस्तकाचं साहित्यमूल्य आहे. त्यातली हलाखी वाचून डोळे पाणावतात, पण हलाखी पुष्कळ पुस्तकांत असते. आईबद्दलचं मत बदलत जाताना दाखवणारी पुस्तकं फार थोडी.

काळे मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाले. २००७ मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं. त्यांनी पुस्तकावर नाव लावलं ते ‘किशोर शांताबाई काळे’. बापाच्या जागी आईचं नाव. त्याला पुढे तीस वर्षांनी शासनाची जोड मिळाली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशी लिहायची. शासनाने आईला जागा दिली, बापाची काढून घेतली नाही. काळ्यांनी तीही काढून घेतली होती.

या पुस्तकाशेजारी भूषण कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ (२०१४) ठेवून वाचावं. माढा तालुक्यातलं मोडनिंब तमाशा-लावणीसाठी नावाजलेलं; त्याच दुनियेतल्या बायका या पुस्तकात स्वतः बोलतात. पोराने सांगितलेली आईची गोष्ट आणि आईने सांगितलेली स्वतःची गोष्ट यांत केवढं अंतर असतं, ते तेव्हा कळतं. पोराला जी लाज वाटते, ती तिच्या लेखी कला असते. निदान कला ‘सुद्धा’ असते. गुपित फोडण्याचा हक्क नेमका कुणाचा, हा प्रश्न आपल्या समीक्षेने कधी नेटाने विचारला नाही. मुलाने स्वतःचं दुःख लिहिलं, ते त्याचंच. पण त्यात आईचा जो भूतकाळ उघडा पडला, तो तिचा होता.

मुली केव्हा मोठ्या होतात

मुलग्यांच्या या कथनांत एक वाट तरी असते : शाळा, वसतिगृह, शहर. मुलींच्या कथनात बालपण एका दिवसात संपतं, तो दिवस बहुधा लग्नाचा नाहीतर देवाला वाहण्याचा. सांगोला तालुक्यातल्या महूदला १९२३ साली जन्मलेल्या शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८६ साली ग्रंथरूपात आलं. दलित स्त्रीने लिहिलेल्या पहिल्या आत्मकथनांत त्याची गणना होते. दूरदर्शनवर ‘नाजुका’ नावाने त्याची मालिका झाली. पोर नाजा शाळेत जाते, वर्गाबाहेर बसते, शिकते, शिक्षिका होते. नवरा दुसरी बायको आणतो, ती घर सोडते, नोकरी करते, पोरं वाढवते.

हे सगळं शांताबाई ज्या सुरात सांगतात तो ऐकण्यासारखा आहे. आवाज चढत नाही, कबुलीजबाबाचा आव नाही. माणदेशी बोलीत एकामागून एक घडलेलं सांगत जातात. नवऱ्याचं दुसरं लग्न हा लिंबाळ्यांच्या किंवा काळ्यांच्या पुस्तकात स्फोट झाला असता. इथे ते दुष्काळासारखं येतं आणि पेललं जातं. बाईच्या बाबतीत नवऱ्याचं दुसरं घर गुपितही मानलं जात नाही, म्हणून ते फुटतही नाही. तिने केलेला धमाका एवढाच की तिने ते मराठी पुस्तकात छापलं.

सीमेलगतच्या राजन गवसांनी ‘चौंडकं’ (१९८५) आणि ‘भंडारभोग’ (१९८८) या कादंबऱ्यांत यल्लम्माला सोडलेल्या माणसांचं जग आणलं. पोरीच्या केसांत जट आली की ती देवीची. मग तिचं नवरेपण देवाकडे आणि लेकरांचं बापपण कुणाकडेच नाही. आत्मकथनाला जमलं नसतं ते ‘चौंडकं’ने केलं : पोरीच्या आईबापांच्या मनातली भीती आणि हाव दोन्ही एकाच वेळी दाखवली. घरच्यांनी पोर देवीला सोडली ती श्रद्धेने की पोटासाठी, याचं उत्तर त्यांनाही ठाऊक नसतं.

तारेच्या कुंपणाआड

सोलापूर शहरातली ‘सेटलमेंट’ आज वस्तीचं नाव म्हणून सहज उच्चारलं जातं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांना तारेच्या कुंपणात डांबून हजेरी लावायला लावायची, आणि त्यांच्यातल्याच हातांनी शहराच्या कापड गिरण्या चालवायच्या, असा तिथला बंदोबस्त होता. हा कायदा रद्द व्हायला ऑगस्ट १९५२ उजाडला. मालतीबाई बेडेकरांनी १९३७ नंतरची काही वर्षं या सेटलमेंटमध्ये सरकारी अधिकारी म्हणून काम केलं आणि त्या अनुभवातून ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. ती १९५० साली आली.

‘विभावरी शिरूरकर’ हेच एक गुपित होतं. याच नावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं तेव्हा ही बाई कोण, की बाईच्या नावाआड पुरुष, यावरून पुण्यात रान पेटलं होतं. मध्यमवर्गीय मुलींच्या मनातलं लिहायला जिला पडद्याआड जावं लागलं, तीच लेखिका पुढे दुसऱ्यांच्या कुंपणाआड गेली. ‘बळी’तलं वाढतं वय भयाण आहे : कुंपणाआत जन्मलेलं पोर शिकलं तरी शिक्का पुसत नाही, आणि बाहेर जायचं तर जन्मस्थान लपवावं लागतं. या कादंबरीला मर्यादा आहेत. नजर बाहेरून आत आलेल्या सहृदय अधिकाऱ्याची आहे; माणसं कधीकधी प्रश्नाची उदाहरणं होऊन बसतात. तरी सोलापूरच्या मातीतून दलित-भटक्यांची आत्मकथनं यायच्या तीन दशकं आधी एका कादंबरीने हा विषय हातात धरला होता, हे आपण विसरून गेलो आहोत.

त्या कुंपणाचा पुढचा अध्याय पडद्यावर आला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) चित्रपटातला जब्या घरच्यांनी डुकरं धरायला बोलावलं की आडोशाला लपतो, कारण त्याला आवडणाऱ्या, शाळेतल्या शालूने ते बघू नये. सगळा गाव त्याच्या बापाला त्याच कामाला बोलावतो. शालूला ते ठाऊक नसणं शक्यच नाही. तरी तो लपतो. ‘गावाला ठाऊक असलेलं गुपित’ म्हणतात ते याहून नेमकं मराठीत कुठे दिसत नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्यावर येतो, तेव्हा त्याचं लपणं संपलेलं असतं.

घरातली भाषा

आतापर्यंतचं सगळं तालुक्यांचं झालं. सोलापूर शहराची गोष्ट वेगळी आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत हे शहर रोज बोलतं. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात मागाच्या खटखटीबरोबर तेलुगू कानावर पडते आणि शाळेत मराठी. मारुती चितमपल्ली १९३२ मध्ये याच शहरात जन्मले. ‘चकवाचांदण’मध्ये रानाची दीक्षा मिळण्याआधीचं शहरातलं बालपण आहे. २००६ साली सोलापुरात साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्षपदी तेच होते. लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी ‘एका साळियाने’ या आत्मकथनात विणकर घरातून मराठी कवितेपर्यंतचा प्रवास लिहिला.

ही दोन्ही पुस्तकं कृतज्ञतेने लिहिलेली आहेत आणि तो त्यांचा स्वभाव आहे. पण घरी एक भाषा, बाहेर दुसरी, आणि पहिली शाळेत चुकून तोंडातून निघाली तर हसं, या ताणातून जाणाऱ्या पोराची कादंबरी अजून या शहराला हवी आहे. विड्या वळणाऱ्या आयांच्या मुली, गिरणी बंद पडल्यावर घरात बसलेले बाप, मागावरची उचल फेडता फेडता शाळा सुटलेली पोरं : इथे घराघरात न बोललेलं भरपूर आहे. पैशाचं गुपित हे जन्माच्या गुपिताइतकंच जुनं असतं, पण त्याच्यावर मराठी कादंबरीने सोलापुरात हात आखडता घेतला.

कादंबरीकडे राहिलेलं काम

या सगळ्या आढाव्यातून एक गोष्ट समोर येते. सोलापूरच्या पट्ट्याने आत्मकथनात मजल मारली आणि कादंबरी मागे राहिली. याचं कारण प्रतिभेच्या कमीजास्तपणात शोधायला नको. ज्याचं नावच कागदावर येऊ दिलं नाही, त्याला आधी खऱ्या नावानिशी उभं राहणं भाग होतं. कल्पित पात्राच्या तोंडून सांगितलं असतं तर गाव म्हणालं असतं, ही गोष्ट आहे, आणि पुन्हा मोकळं झालं असतं. म्हणून ‘हे माझं’ असं म्हणणं त्या वेळी साहित्याचीही गरज होती. ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) लिहिताना लिंबाळ्यांनी प्रचलित कसोट्या नाकारल्या, त्यामागेही हीच जाणीव आहे. पुढे त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. ‘सनातन’ला (२०१८) सरस्वती सन्मान मिळाला. तिथे ते एका घरातून निघून पिढ्यांच्या इतिहासात शिरतात.

पण आत्मकथनाची एक भिंत आहे : ते एकाच माणसाच्या डोळ्यांनी बघतं. पोराला जेवढं कळलं तेवढंच वाचकाला कळतं. मसामाईला काय वाटत होतं, किशोरच्या आईने निघताना काय हिशेब केला, हे आपल्याला मुलांच्या अंदाजातून मिळतं. आणि गुपिताची एक अख्खी बाजू तर कोरीच आहे. वाड्यातली. पाटलाच्या लग्नाच्या बायकोला ठाऊक होतं. तिच्या मुलांना शाळेत तेच आडनाव लावलेलं दुसरं पोर दिसत होतं. त्या मुलांचं मोठं होणं कसं झालं असेल? त्यांना कधी, कुणी, काय सांगितलं? जमिनीच्या वाटण्या होताना एखादं नाव गाळायचं, हे कुणी ठरवलं? वाड्याच्या आतून हे सांगणारं लेखन मराठीत अभावानेच आढळतं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने कागद भरला. ज्याच्या घराने केला, ते घर गप्प आहे.

ते मौन फोडायला आत्मकथन पुरणार नाही, कारण स्वतःच्या बापाविरुद्ध खऱ्या नावानिशी साक्ष द्यायला फार थोडे लोक धजावतील. कादंबरीला ते जमू शकतं. ती वाड्यातल्या मुलीला आणि बसथांब्यावरच्या मुलाला एकाच वर्गात बसवू शकते, दोघांच्याही मनात शिरू शकते, आणि आईला मुलाच्या मदतीशिवाय बोलू देऊ शकते. सोलापूरच्या आत्मकथनांनी नावं सांगून टाकली आहेत. नावं दडवणाऱ्यांच्या घरात शिरणं हे पुढच्या कादंबरीकाराचं काम, आणि तो वाड्यात वाढलेला असेल तर उत्तमच.